बसायला जागा माग

डोंबिवली, रविवार दुपार

चि. सई,


काल फोनवर तू एक गोष्ट अगदी सहज सांगून गेलीस. प्रॅक्टिकलला ब्युरेटसमोर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, ओटा धरून खाली बसलीस, मॅडम धावत आल्या आणि तू त्यांना म्हणालीस, "सकाळी नाश्ता केला नव्हता." फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्यात तेच वाक्य आहे. तू नाश्ता केला होतास. माझ्या ताईने पोहे खायला घालून वर डब्यातही दिले होते.

मी पंधरा वर्षं हेच केलं. माझं वाक्य तेवढं वेगळं होतं. मी म्हणायचे, "आज उपास आहे." आपल्याकडे हे कारण सगळ्यांना पटतं. बाई उपासाने कोमेजली तर तिला कोणी प्रश्न विचारत नाही, उलट कौतुकच होतं. बँकेच्या रांगेत, गौरींच्या आरतीला, लोकलच्या दारात, जिथे जिथे उभं राहवेना तिथे मी हा उपास पुढे केला. खरं सांगायची लाज वाटायची, कारण खरं काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. तुला ते विसाव्या वर्षी कळलं आहे, नावासकट. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो गं मावशी" म्हणून विषय बदलतेस.

आधी तुझ्या शरीरात काय होतं ते नीट समजून घे, म्हणजे दुसऱ्याला सांगताना जीभ अडखळणार नाही. माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणाने अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हे प्रत्येकाचं होतं. मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी यंत्रणा असते. दाब घटल्याचं तिला क्षणात कळतं, ती मेंदूला कळवते, आणि मेंदू पायांच्या व पोटाच्या रक्तवाहिन्या आवळायला लावतो. रक्त वर परततं, ठोके दहापंधराने वाढतात, आणि त्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. हे सगळं आपल्या हुकमाशिवाय चालवणारी ती स्वायत्त मज्जासंस्था. तुझ्या-माझ्यात हे आवळणं पुरेसं होत नाही, कित्येकींच्या अंगात मुळात रक्तच थोडं कमी असतं. मग राहिलेलं काम हृदयाला एकट्याने करावं लागतं. ते धावत सुटतं.

आपल्या या आजाराचं नाव पॉट्स, आणि त्या नावाचा अर्थही एवढाच आहे: उभं राहिल्यावर ठोके भलतेच वाढण्याचा विकार. आडवा पडलेला माणूस उभा राहिल्यापासून 10 मिनिटांच्या आत त्याचे ठोके 30 किंवा त्याहून जास्त वाढले, रक्तदाब मात्र फारसा कोसळला नाही, आणि हा त्रास महिनोन्‌महिने चालू राहिला, तर हे निदान होतं. 12 ते 19 वयाच्या मुलांना हीच मर्यादा 40 ची. हे नाव 1993 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या शोंडॉर्फ आणि लो या डॉक्टरांनी रूढ केलं. आजार मात्र जुनाच असणार. 1871 साली जेकब दा कोस्टा या फिलाडेल्फियाच्या डॉक्टराने अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलं आहे: छातीत धडधड, धाप, चक्कर, थकवा, आणि हृदय तपासावं तर त्यात दोष सापडत नाही. त्यातल्या काहींना हेच असावं, असं आजचे डॉक्टर मानतात. मला हे वाचून केवढा धीर आला होता! ती रणांगणावरची तरणीताठी माणसं होती. त्यांना कोणी "मनाचे खेळ आहेत" म्हटलं असेल का, असं मनात येऊन मी त्या दिवशी रडले.

कारण मला तसं म्हटलं गेलं होतं. 1997 मध्ये टायफॉइडमधून उठले आणि परत कधी धड उभी राहिले नाही. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, ईसीजी, टूडी एको, सगळं नॉर्मल. एका मोठ्या डॉक्टरांनी कागद माझ्याकडे न देता बाबांकडे दिले आणि म्हणाले, लग्न करून टाका, बरी होईल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रिक्षातही पाहिलं नाही. ते डॉक्टर दुष्ट नव्हते, पण त्यांनी मला पलंगावर झोपवून तपासलं होतं आणि झोपले की मला काहीच होत नव्हतं. कोणी मला फक्त दहा मिनिटं उभं करून नाडी मोजली असती, तर माझी पंधरा वर्षं वाचली असती.

2012 मध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ती मोजली. वहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे. आडवी असताना ठोके 68, दाब 112/70. उभी राहिल्यावर पहिल्या मिनिटाला 98. पाचव्या मिनिटाला 109. दहाव्या मिनिटाला 117, दाब 110/76. शेजारी बाईंच्या अक्षरात लिहिलंय: "पावले जांभळी." मी खाली पाहिलं तर खरंच, घोट्यापासून बोटांपर्यंत पाय पिकल्या जांभळासारखे. इतकी वर्षं मी ते साडीखाली झाकत आले होते.

तूही हे घरी करून ठेव. दहा मिनिटं शांत पडून राहा, मग भिंतीपासून वीतभर अंतरावर टाचा ठेवून खांदे भिंतीला टेकव आणि दर मिनिटाला बीपीच्या मशीनवर ठोके आणि दाब लिहून घे. ताईला जवळ उभी कर, आणि गरगरलं तर लगेच थांब. आकडे लिहिलेली वही हातात असली की वाद घालावा लागत नाही. ताई तुला "मन घट्ट कर" म्हणते ना? तिच्यावर चिडू नकोस, तिच्याच हाताने ते आकडे लिहून घे. मात्र मनगटावरच्या घड्याळात दिवसभर ठोके पाहत बसू नकोस. मी महिनाभर पाहिले आणि त्या महिन्यात मला दुसरं काही सुचलं नाही.

आणि भीतीबद्दल. ठोके वाढवायला शरीर नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतं. घाबरल्यावरही तेच सुटतं. म्हणून उभं राहिल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, काहीतरी भयंकर होणार असं वाटतं. आधी शरीर धावतं, भीती त्याच्या मागून येते. हे कळलं तेव्हा मी स्वतःला भित्री म्हणणं सोडलं. हृदय निकामी करणारा हा आजार नव्हे. पडून डोकं फुटणं हा खरा धोका आहे. म्हणून अंधारी यायला लागली की तिथल्या तिथे बस. फरशी ओली असो, रस्ता असो, पाहुणे असोत, आधी बस. जमलं तर आडवी हो आणि पाय उंच कर.

आता रोजचं. सकाळी उठायच्या आधी, उशीजवळ ठेवलेलं अर्धा लिटर पाणी पलंगावर बसूनच पी आणि दहा मिनिटांनी पाय खाली सोड. दिवसभरात दोन ते तीन लिटर. मिठाचं तुझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, तरी लिहिते, कारण लोक तुला घाबरवतील. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि पॉट्सच्या रुग्णांना कित्येकदा 10 ग्रॅमपर्यंत सांगितलं जातं. मीठ पाणी धरून ठेवतं आणि अंगातलं रक्त भरतं. पण हे डॉक्टरांच्या नजरेखालीच. दाब जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, त्याने हे करायचं नाही. तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणीला चक्कर आली म्हणून तिला तुझं औषध देऊ नकोस. आपल्या घरात मीठ पोटात जायला किती वाटा आहेत बघ: ताक, सोलकढी, भाजलेला पापड, लिंबाचं लोणचं, पेज. ओआरएसचं पाकीट घेशील तेव्हा त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना ते वाच. खोक्यांतल्या गोड पेयांत साखरच जास्त असते. ओआरएसमध्ये साखर असते ती चवीसाठी नाही. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि मागोमाग पाणी येतं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून पाजून पटकीचे रुग्ण जगवले. रोज सकाळी पाकीट फोडताना मला त्यांची आठवण येते.

उपास बंद. संकष्टी नाही, श्रावणी सोमवार नाही, हरतालिकेचा निर्जळी तर मुळीच नाही. खोट्या उपासांचं मी वर लिहिलं, पण एकदा खरा निर्जळी केला आणि संध्याकाळी देवघराच्या उंबऱ्यावर कोसळले. भुवईवरची खूण तुला माहीत आहे. लहानपणी "ही कशाची?" विचारायचीस तेव्हा मी "पाय घसरला" म्हणायचे. आज खरं सांगितलं.

पोटभर जेवून लगेच उठू नकोस, रक्त पोटाकडे जातं. थोडं थोडं चार-पाच वेळा खा. कढत पाण्याने अंघोळ नको, न्हाणीत स्टूल ठेव. पायाच्या घट्ट मोज्यांबद्दल कंटाळा करतेस असं ताई म्हणाली. गुडघ्यापर्यंतचे फारसे उपयोगाचे नाहीत, कमरेपर्यंतचे घे. पोटातही रक्त साठतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते अंगावर नकोसे होतात हे मला कळतं, पण निदान प्रॅक्टिकलच्या दिवशी घाल. उभं राहावंच लागलं तर पायांची कात्री करून मांड्या आवळ, चवड्यांवर हो, मुठी घट्ट मिटून उघड. पोटऱ्या रक्त वर ढकलतात.

व्यायामाला चालण्यापासून सुरुवात करू नकोस, आडव्या व्यायामापासून कर. पाठीवर पडून पाय उचलणं, बसून मागे टेकून चालवायची सायकल, आणि पोहणं, कारण पाणी बाहेरून पायांना दाबून धरतं. डॅलसचे डॉ. बेंजामिन लेव्हिन यांनी अशी टप्प्याटप्प्याची पद्धत बसवली आहे. सूर्यनमस्कारांचा आग्रह तुला बरेच जण करतील. डोकं खाली-वर होतं त्यात, निदान पहिले काही महिने नको. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जास्तच गळून जायला होईल. तिथेच बहुतेकजणी सोडतात. मी तीनदा सोडलं, चौथ्यांदा टिकले. आज मी स्टेशनपर्यंत चालत जाते.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचार. तू लहानपणी दम्याचा पंप घ्यायचीस हे त्यांना सांगितलंस का? ठोके कमी करायला प्रोप्रॅनोलॉल देतात, दमा असेल तर ते चालत नाही. आयव्हाब्रॅडिनसारखी दुसरी औषधं आहेत, ती त्यांना ठरवू दे. आणि तू अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवून दाखवायचीस, सगळे हसायचे. तेही सांग. सैल सांध्यांचा या दुखण्याशी पुष्कळदा संबंध असतो.

हे सगळं जमेल तुला. अवघड आहे ते बसणं. आपल्या घरात चांगली मुलगी म्हणजे उभी असलेली मुलगी. वाढते, उचलते, दारापर्यंत पोचवायला जाते, मोठी माणसं आली की जागा सोडते. माझी आजी सगळा स्वयंपाक पाटावर बसून करायची, विळी पायाखाली धरून. मग ओटा आला आणि बायका दिवसभर उभ्या राहिल्या. मी 2012 नंतर ओट्यापाशी उंच स्टूल आणलं. पहिल्या दिवशी पोळ्या लाटताना माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, बघत राहिल्या, आणि काही न बोलता बाहेर गेल्या. माझे कान गरम झाले होते. पण मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि त्यांनी पिठाचा डबा माझ्या हाताशी, खालच्या फळीवर आणून ठेवला.

तेव्हा सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन विभागप्रमुखांकडे जा. "मला उभं राहिल्यावर ठोके वाढण्याचा आजार आहे, प्रॅक्टिकलला स्टूल हवं," एवढंच सांग. माफी मागू नकोस, रडकं तोंड करू नकोस, नाश्त्याचा विषय काढू नकोस. टायट्रेशन बसूनही होतं. ब्युरेट थोडी खाली लावायची आणि वाचन डोळ्याच्या रेषेत आणायचं. बसमध्ये, लग्नात, देवळाच्या रांगेत, सगळीकडे असंच माग. कोणी म्हणेल, एवढी तरुण आणि बसायला मागते. म्हणू दे. तुझ्या वयाच्या पुष्कळ जणींचा हा त्रास काही वर्षांत बराच हलका होतो. तुझा होईलच असा शब्द मी देऊ शकत नाही, पण नाही झाला तरी शिक्षण सोडायची वेळ येणार नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

कुरियरने घडीचं स्टूल पाठवलंय, दीड किलोचं आहे, सॅकला बाहेरून अडकतं. त्यासोबत माझी 2012 ची वहीही आहे. मागची पानं कोरी आहेत, त्यात तू तुझे आकडे लिही. सुट्टीत येशील तेव्हा माझ्या खोलीत झोप. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेतच. विभागप्रमुख काय म्हणाले ते सोमवारी रात्री कळव, मी जागी असेन.

तुझी,
मावशी