आभार कोणाकोणाचे?
(कार्यकर्ता अभ्यासपाठ)



५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ साली तो ठरवला. आपल्या बहुतेक केंद्रांवर याच सुमारास देणगीदार आणि स्वयंसेवकांचा वार्षिक मेळावा होतो. मंडप, सतरंज्या, जेवण यांची तयारी आपण महिनाभर आधीपासून करतो. ज्यासाठी हे सगळे करायचे ते आभार मात्र कार्यक्रमपत्रिकेत शेवटी असतात आणि त्या वेळी अर्धी मंडळी चपला शोधत असतात. म्हणून या अंकाचा पाठ आभारांवर घेतला आहे. तो मला माझ्याच चुकीतून शिकायला मिळाला, तेव्हा आधी ती चूक सांगते.

बंधारा कोणाचा?

तीन वर्षांपूर्वी जव्हार-मोखाडा भागातल्या एका पाड्यावर आम्ही वनराई बंधारा बांधला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि पावसाळा संपल्यावर ओढ्याला धार आहे तोवर त्या गोण्या विटांसारखे सांधे चुकवून पात्रात आडव्या रचायच्या. फटींत चिकणमाती ठासायची. खर्च नगण्य. साठलेले पाणी गुरांना, धुण्याला आणि काठच्या भाजीपाल्याला होते, जवळच्या विहिरीलाही पाणी टिकते. पुढच्या पावसात तो वाहून जातो आणि दरवर्षी नव्याने बांधावा लागतो.

गोण्या एका बांधकाम ठेकेदाराने दिल्या. दिवाळीच्या सुट्टीत एका महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी सात दिवसांच्या निवासी शिबिराला आले. मुलांनी मन लावून काम केले, हातांना फोड आले तरी कोणी मागे हटले नाही. आमच्या माहितीच्या एका अभियंत्याने जागा सुचवली होती. पाड्यावरचे एक वृद्ध बाबा काठी टेकत आले, पाहून म्हणाले, "इथे खाली वाळू आहे, पाणी तळातून निघून जाईल. वर चला." वर दोन्ही बाजूंना खडक होता, पात्रही अरुंद होते. बंधारा तिथेच झाला. पाड्यावरच्या बायांनी भाताची झोडणी दोन दिवस बाजूला ठेवली आणि डोक्यावरून चिकणमातीच्या पाट्या आणल्या. शिबिराच्या भाकऱ्याही त्यांनीच थापल्या.

डिसेंबरात मेळावा झाला. व्यासपीठावर ठेकेदार, प्राचार्य आणि शहरातले दोन मोठे देणगीदार. शाल, श्रीफळ, फोटो. देणगीदारांची यादी मी वाचली, ती रकमेच्या उतरत्या क्रमाने. विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे दिली. पाड्यावरच्या बाया त्या वेळी मागे वाढपाच्या गडबडीत होत्या. जागा दाखवणारे बाबा शेवटच्या सतरंजीवर बसले होते. त्यांचे नाव माझ्या कागदावर नव्हते. ते मला खटकलेही नाही.

फेब्रुवारीत मी पाड्यावर गेले तेव्हा बंधाऱ्यातले पाणी निम्म्यावर आले होते. एका बाजूची माती सुटून गळती लागली होती. चार गोण्या आणि दोन पाट्या माती, दोन माणसांचे तासाभराचे काम. विहिरीवर पाणी भरणारी एक बाई भेटली. ती सहज म्हणाली, "ताई, तुमचा बंधारा गळतो. आम्ही म्हटलं, तुम्ही याल दुरुस्तीला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. बंधारा "तुमचा" झाला होता. आम्ही व्यासपीठावरून तसेच तर सांगितले होते. गोण्या अमक्यांच्या, श्रम तमक्यांचे. मग पाड्याचे त्यात काय उरले?

याची किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. बंधाऱ्याच्या भरवशावर पाच कुटुंबांनी वांगी आणि मिरची लावली होती. दोघांची लागवड वाळली. त्यातले एक कुटुंब त्या वर्षी प्रथमच दिवाळीनंतर वीटभट्टीवर न जाता घरी थांबले होते. भाजी गेल्यावर तेही भट्टीवर गेले. त्यांची चौथीतली मुलगी सोबत गेली आणि तिचे ते वर्ष बुडाले.

वहीचे दुसरे पान

त्या रात्री मी एक वही घेतली. डाव्या पानावर आमच्या दप्तरात नोंद झालेली मदत लिहिली: पैसे, गोण्या, विद्यार्थ्यांचे दिवस. उजव्या पानावर नोंद न झालेली. बाबांनी दाखवलेली जागा. दोन दिवसांची झोडणी. चिकणमाती ज्या शेतातून आणली त्या शेतकऱ्याची परवानगी. मुलांना झोपायला दिलेल्या दोन पडव्या. रात्री पात्रात उतरून मुलांसाठी खेकडे पकडणारी पोरे. उजवे पान भरून गेले.

ज्यांच्यासाठी आपण काम करतो म्हणतो, तेच दात्यांच्या यादीत पहिले होते. आणि ऐपतीच्या मानाने पाहिले, तर हंगामातले दोन दिवस देणाऱ्या बाईचे दान त्या यादीत खाली बसत नाही.

आपल्याकडच्या जुन्या संस्थांचा इतिहास पाहिला तर हेच दिसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाची पद्धत होती: घरातल्या बाईने दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते साठवून वसतिगृहाला द्यायचे. ज्या खेड्यांतली मुले शिकायची, त्याच खेड्यांतून ही मूठ यायची. त्यामुळे वसतिगृह गावाला परके वाटले नाही. आणि घरच्या बाजूने पाहिले, तर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही दिले.

दुसरे उदाहरण हिंगण्याचे. महर्षी कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाला १९०० साली रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. हे दान मोठे आणि कृतज्ञतेने सांगण्याजोगेच. पण आश्रमासाठी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. ज्या स्त्रियांसाठी आश्रम उभा राहिला, त्यांच्यातल्याच त्या एक. पुढे त्या या कामासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. घेणारी बाजू आणि देणारी बाजू यांच्यात आपण आखतो ती रेघ तिथे राहिलीच नाही.

पाड्याची आभाराची रीत

सावड आणि इर्जिक हे शब्द आपल्याला माहीत आहेत. एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले बैल आणि हात घेऊन जायचे, त्याने जेवण घालायचे. काम झाल्यावर कोणी आभाराचे भाषण करत नाही. आज तुम्ही माझ्याकडे आलात, उद्या मी तुमच्याकडे येईन, हेच आभार. शाल-श्रीफळाने शहरातल्या पाहुण्याला बरे वाटत असेल, पण पाड्यावरच्या माणसाला आपण त्याच्या कामाला उभे राहिलो तरच ते आभार पोचतात. झोडणी सोडून ज्या बाया आल्या होत्या, त्यांच्या झोडणीला आमचा एकही कार्यकर्ता गेला नव्हता. पुढच्या हंगामात आम्ही गेलो. आमच्या झोडणीला बाया पोटभर हसल्या, पण संबंध तिथून पुन्हा जुळला.

दूरच्या देणगीदारांचे काय?

पाड्याची बाजू मांडताना शहरातल्या देणगीदाराला कमी लेखायचे नाही. त्यांच्याबाबतही आमच्याकडून चूक झाली. एक निवृत्त शिक्षिका दरमहा ५०० रुपये पाठवत. तीन वर्षांनी ते बंद झाले. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "रागावले नाही हो. पैसे पोचतात की नाही, हेच कळत नव्हतं." आम्ही वर्षाकाठी करसवलतीचे प्रमाणपत्र पाठवत होतो आणि तेवढ्यात कर्तव्य झाले असे समजत होतो. त्यावर रक्कम असते. पण त्या पैशाचे काय झाले, हे त्यावर कुठे असते?

या सगळ्यातून आम्ही काही नियम ठरवले. आपल्या केंद्रावर ते जसेच्या तसे लागू पडतील असे नाही, पण विचार करावा.

१. पावती आठ दिवसांत. वस्तू आली तरी पोच द्यायची. पोचेवर दोन ओळी हाताने लिहायच्या.

२. सहा महिन्यांनी एक पत्र. "आपल्या उदार सहकार्याबद्दल शतशः ऋणी" अशी वाक्ये त्यात नकोत. काय झाले ते लिहावे: "बंधाऱ्याला मार्चअखेर पाणी होते. तीन कुटुंबांनी मिरची विकली. एका बाजूची गळती अजून थांबलेली नाही." अपयशही लिहावे. ते वाचून कोणी देणगी थांबवल्याचा अनुभव आम्हाला अजून नाही.

३. सगळ्यांचे पैसे एका खात्यात जमा होत असतील, तर "तुमच्याच पैशातून अमक्या मुलीचे दप्तर आले" असे लिहू नये. ते खरे नसते.

४. नावे बाराखडीच्या क्रमाने, रकमेशिवाय. ज्यांना नाव नको त्यांना आधी विचारून वगळावे.

५. मदत घेतानाचे मुलांचे फोटो काढू नयेत. खाऊ घेताना हात पुढे केलेले आपले लेकरू भिंतीवर लागलेले कोणत्या आईला आवडेल?

६. स्वयंसेवकाला प्रमाणपत्रापेक्षा आधी एस.टी.चे भाडे, वेळेवर जेवण आणि ठरलेल्या वेळी सुट्टी द्यावी. आमच्याकडे संध्याकाळी अभ्यासवर्ग घेणारी एक मुलगी फार चांगली होती. चांगली म्हणून आम्ही तिच्यावर हिशेबही टाकला, मग धान्यवाटपही. ती एके दिवशी यायची थांबली. तिचे आभार मानायलाही आम्ही उशीर केला.

७. जो थांबतो त्याला निरोप द्यावा. देणगी बंद करणारा किंवा काम सोडणारा हा काही अपराधी नव्हे. जे दिले त्याबद्दल त्याला पत्र जावे.

गेल्या वर्षीचा मेळावा

गेल्या डिसेंबरात मेळावा आम्ही पाड्यावर, ओढ्याकाठीच घेतला. व्यासपीठ केले नाही. सगळे सतरंजीवर बसले. नावे बाराखडीने वाचली, त्यामुळे ठेकेदाराच्या आधी भाकरी थापणाऱ्या दोघींची नावे आली आणि पाड्यावरची पोरे टाळ्या वाजवत उठली. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ होती. पाहुण्यांना बंधारा बाबांनीच दाखवला. ठेकेदाराने विचारले, "अजून दोन थर चढवले तर?" बाबा म्हणाले, "मग पाणी वरच्या वावरात शिरेल. त्याची वाल लावलेली आहे." ठेकेदाराने मान डोलावली आणि सुतळी किती लागते ते विचारून घेतले.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. एका जुन्या देणगीदारांना व्यासपीठ नसल्याचे वाईट वाटले आणि त्यांनी ते बोलून दाखवले. मी त्यांच्या घरी जाऊन आले. पाच कुटुंबांपैकी दोन या वर्षीही भट्टीवर गेली. ती मुलगी मात्र आता आजीकडे राहून शाळेत जाते.

फेब्रुवारीत पाड्यावरून फोन आला. विहिरीवर भेटलेली तीच बाई बोलत होती. "ताई, डाव्या बाजूनं गळत होतं. आम्ही चार गोण्या टाकल्या. सुतळी संपली, येताना घेऊन या."

मी दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन गेले.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्राच्या मागच्या मेळाव्यात कोणाकोणाची नावे वाचली गेली? कोणाची राहिली?

२. आपण चालवतो त्या कामाला वस्तीतले लोक "आपले" म्हणतात की "तुमचे"? हे कधी कान देऊन ऐकले आहे का?

३. गेल्या दोन वर्षांत कोणता देणगीदार किंवा स्वयंसेवक गप्पपणे दूर झाला? त्याला शेवटचे पत्र केव्हा गेले?

या तिमाहीची कृती

वहीची दोन समोरासमोरची पाने घ्या. डावीकडे नोंदलेली मदत लिहा, उजवीकडे न नोंदलेली. उजवे पान एकट्याने भरू नका, वस्तीत बसून भरा. मेळाव्याची यादी त्यानंतर करा.