टोपणनाव आणि वाद : 'शतपत्रां'संबंधी एक टिपण

'शतपत्रां'ची गणना आपण निबंधवाङ्मयात करतो. परंतु १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात ती आली ती पत्रे म्हणून, 'लोकहितवादी' या टोपणनावाने. (संख्या १०८, 'शत' हे सोयीचे.) लेखक गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीतले, सरकारी नोकर. नाव झाकल्याने वय व हुद्दा यांचे वजन वादातून गळाले आणि अपरिचित वाचकाला युक्तिवादालाच सामोरे जावे लागले.

भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मधून ब्रिटिश राज्यावर टीका केली, तीही 'एक हिंदू' या नावाने. तेथे टोपणनाव हे उघडच संरक्षण होते. लोकहितवादींचा रोख मात्र स्वजनांवर, विशेषतः ब्राह्मणांवर आहे. इंग्रजी राज्याची ते पुष्कळदा भलामणच करतात. तेव्हा केवळ सरकारी धाकाने या आवरणाचा उलगडा होत नाही. भय असेलच तर ते ज्ञातीचे असावे.

संकलित आवृत्तीवर खरे नाव असते आणि विद्यार्थी पहिल्या ओळीपासून 'सुधारक देशमुख' वाचू लागतो. मग पुनरुक्ती हा दोष वाटतो. वस्तुतः मागील अंक हाती नसलेल्या अनोळखी वाचकाला तीच गोष्ट पुन्हा सांगणे भागच होते.