उत्तर लिहिणें आणि उत्तर पोंचविणें

आमच्या विद्यार्थिदशेंत परीक्षेची शेवटची घंटा झाली कीं पर्यवेक्षक बाकापाशीं येऊन उत्तरपत्रिका हातांतून काढून घेत. लिहिणें तेवढें आमचें काम; ती परीक्षकाकडे कशी पोंचेल ही काळजी आम्हांस कधींच नव्हती. घरीं बसून संगणकावर द्यावयाच्या परीक्षांत ही दुसरी जबाबदारीहि परीक्षार्थ्यावर येऊन पडली आहे, आणि पुष्कळ हुशार मुलांची झोप ‘फाईल मुदतींत जाईल ना?’ या विवंचनेनेंच उडते. ही काळजी खुळी आहे असें म्हणून चालणार नाहीं.

सन २०२० च्या मे महिन्यांत, महामारीमुळें शाळा बंद असतां, अमेरिकेंतील कॉलेज बोर्ड या संस्थेनें आपल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा विद्यार्थ्यांच्या घरीं घेतल्या. पुष्कळ विषयांत पहिल्या प्रश्नास २५ व दुसऱ्यास १५ मिनिटें असून, प्रत्येक उत्तर पाठविण्यास निराळीं ५ मिनिटें होतीं. कागदावर लिहून त्याचें छायाचित्र पाठविण्याची मुभा होती. आतां, आयफोन २०१७ पासून छायाचित्रें ‘हेइक’ नांवाच्या नव्या प्रकारांत सांठवितो. परीक्षेची यंत्रणा जेपेग, पीएनजी असे जुने प्रकारच स्वीकारी. कित्येकांचीं उत्तरें तेथेंच अडलीं आणि पांच मिनिटें सरलीं. उत्तर येत होतें, लिहूनहि झालें होतें, तरी दार बंद झालें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींची गोष्ट मला येथें आठवते. दिवे तर दहाहि जणींपाशीं होते.

व्यावसायिक परीक्षांत ही शिस्त अधिकच कडक असते. संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रांतील ‘ओएससीपी’ ही परीक्षा २३ तास ४५ मिनिटें चालते, व त्यानंतर २४ तासांच्या आंत सविस्तर अहवाल पाठवावा लागतो. अहवाल पीडीएफ असावा, तो ‘सेव्हन-झेड’ प्रकारच्या गांठोड्यांत बांधावा, त्याचें नांवहि नेमून दिल्याप्रमाणेंच असावें, असा नियम आहे. फाईल चढविल्यावर पडद्यावर तिचा ‘एमडी-फाइव्ह’ हा ३२ अक्षर-अंकांचा ठसा दिसतो. फाईलींतील सर्व मजकूर हिशेबांत धरून तो काढलेला असतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा निराळाच येतो. आपल्या संगणकावरील फाईलीचा ठसा त्याशीं जुळला, म्हणजे जें पाठविलें तेंच पोंचलें अशी खात्री होते. मात्र त्यानंतर ‘सादर करा’ हें बटण दाबावयाचें राहतेंच. दिवसभर झगडून शिणलेला मनुष्य नेमका येथें चुकतो.

वेळेचा हिशेबहि आधीं करतां येतो. उत्तराचीं दहा पानें, प्रत्येक छायाचित्र २ मेगाबाइटांचें, मिळून २० मेगाबाइट, म्हणजेच १६० मेगाबिट. जोडणीचा पाठविण्याचा वेग सेकंदास १ मेगाबिट असेल तर १६० सेकंद लागतील. पांच मिनिटांच्या मुदतींतील निम्म्याहून अधिक वेळ येथेंच संपला. घरांत चित्रपट न अडखळतां दिसतो म्हणून फाईलहि तितक्याच झपाट्यानें जाईल असें पालक समजतात, पण पुष्कळ जोडण्यांत येण्याचा वेग मोठा व जाण्याचा लहान असतो. त्या घटकेस इतर मंडळींनीं आपापले मोबाईल बाजूस ठेवले तर परीक्षार्थ्यास मोठेंच साहाय्य होईल. दारांत उभें राहून ‘गेली का? गेली का?’ असें विचारण्यानें कांहींच होत नाहीं!

म्हणून आदल्या दिवशीं तालीम करावी: त्याच मोबाईलनें, त्याच जागीं, तितकींच पानें टिपून, घड्याळ लावून. सरावाची सोय परीक्षामंडळानें ठेविली असेल तर ती मुळींच चुकवूं नये. मुदत परीक्षामंडळाच्या घड्याळानें मोजली जाते, भिंतीवरच्या नव्हे. फाईल गेल्यावर पोंच येईपर्यंत पडदा मिटूं नये, आणि आलेली पोंच निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी.

इतकें करूनहि फाईल अडलीच, तर पडद्याचें वेळेसह चित्र टिपून तें, मूळ फाईल व तक्रार तत्काळ मंडळाकडे पाठवावी. दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. कॉलेज बोर्डानें १८ मे २०२० पासून, ज्यांचें उत्तर अडेल त्यांना तें लागलेंच ई-मेलनें पाठविण्याची सवलत दिली. आधल्या आठवड्यांत ज्यांचीं उत्तरें अडलीं होतीं त्यांस मात्र ती लागू नव्हती. त्यांच्यापुढें जून महिन्यांत पुन्हां परीक्षेस बसण्याचाच मार्ग उरला.