कांगडीभोवतीची संध्याकाळ

काश्मीरच्या खोऱ्यात हिवाळा महिन्यांनी मोजला जात नाही, चिल्ल्यांनी मोजला जातो. २१ डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा काळ म्हणजे ‘चिल्लई कलान’, अर्थात थोरला चिल्ला. त्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि सर्वांत शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. चिल्ला हा शब्द ‘चाळीस’ ह्या अर्थाच्या फारसी शब्दापासून निघालेला असल्यामुळे वीस आणि दहा दिवसांच्या काळाला तो लावणे हिशेबात बसत नाही. परंतु थंडीला हिशेब कोण विचारणार? थोरल्या चिल्ल्यात श्रीनगरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्री पारा शून्याखाली पाच-सहा अंशांपर्यंत उतरणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हे. छपरांच्या कडांना बर्फाच्या सळ्या लोंबू लागतात आणि नळातील पाणी गोठते. दिवस मावळल्यापासून निजेपर्यंतचे चार-पाच तास विजेच्या साहाय्यावाचून घालवण्याची जी रीत तेथील माणसांनी शतकानुशतके घडवली, ती एका साध्या विचारावर उभी आहे. घर तापवायचे नाही, माणूस तापवायचा.

ह्या विचाराचे मूर्त रूप म्हणजे कांगडी. वीतभर व्यासाचे मातीचे एक वाडगे, त्याला काश्मिरीत ‘कोंडल’ म्हणतात, आणि त्याभोवती वेताप्रमाणे विणलेली टोपली. ही टोपली ‘वीर’ नावाच्या, वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्यांची असते. चरार-ए-शरीफ आणि बांदीपूर येथील कांगड्या विशेष नावाजलेल्या आहेत. वर धरण्यासाठी कडी असते आणि कडीला दोरीने एक लहानशी पळी बांधलेली असते. राख हलवून निखारा वर काढणे हे तिचे काम. संस्कृत कोशांत निखाऱ्यांच्या अशा पात्राला ‘अंगारशकटी’ आणि ‘हसंती’ अशी नावे आहेत. मराठीतील शेगडी ह्या शब्दाचे मूळ ह्यांपैकी ‘शकटी’ ह्या शब्दात सांगितले जाते. शब्दांचे नाते असे जवळचे असले, तरी दोन्ही वस्तूंच्या वापरात मोठे अंतर आहे. शेगडी जमिनीवर राहते आणि माणसे तिच्याजवळ जातात. कांगडी माणसाबरोबर चालते. गुडघ्याखाली उतरणाऱ्या सैल लोकरी फिरनच्या आत ती पोटाशी धरली, की फिरन हाच एक लहानसा तंबू होतो. हात बाह्यांतून आत ओढून घेतले, की बाहेर उरतो तो केवळ चेहरा. मूठ-दोन मुठी कोळशावर एक माणूस कित्येक तास उबेत राहतो. उष्णतेचा इतका काटकसरीचा वापर क्वचितच आढळेल.

परंतु कांगडी भरणे ही एक विद्या आहे, आणि ती परंपरेने स्त्रियांच्या हाती राहिली आहे. तिचा आरंभ हिवाळ्यात होत नाही, शरद ऋतूत होतो. चिनारची पाने तांबूस होऊन गळू लागली, की ती झाडून गोळा करतात, ढीग पेटवतात आणि पुरती राख होण्यापूर्वीच पाणी शिंपडून विझवतात. अशा रीतीने तयार झालेला पानांचा भुसभुशीत कोळसा पोत्यांत भरून ठेवला जातो. फळबागांतील छाटलेल्या फांद्यांचाही कोळसा करतात. भरताना तळाशी हा बारीक कोळसा, त्यावर लाकडी कोळशाचे तुकडे, त्यावर चुलीतील धगधगता निखारा आणि सर्वांवर राखेचा पातळ थर, असा क्रम असतो. राख कमी पडली तर निखारा भडकून लवकर संपतो. जास्त झाली तर गुदमरून विझतो. सकाळी भरलेली कांगडी पळीने अधूनमधून जागी करीत संध्याकाळपर्यंत पुरवणे, ह्यात घरातील जाणत्या स्त्रीचे कौशल्य दिसून येते.

ज्या खोलीत कुटुंब संध्याकाळी बसते, तीही हिवाळ्यापुरती निराळी असते. जुन्या पद्धतीच्या घरांत उन्हाळ्यात वरच्या मोकळ्या मजल्यावर राहण्याची आणि हिवाळ्यात खालच्या, जाड भिंतींच्या लहान खोलीत उतरण्याची चाल होती. खेड्यांत तळमजल्यावर गुरे बांधलेली असत आणि त्यांच्या अंगाची ऊब वरच्या जमिनीला मिळे. खिडक्यांना काचा नसत. लाकडी पट्ट्यांच्या नाजूक जाळ्या असत आणि थंडी पडू लागताच त्यांवर कागद चिकटवले जात. उजेड थोडा आत येई, वारा येत नसे. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर बोरूची चटई आणि ऐपत असेल तर नमदा. सुखवस्तू घरांत आणि मशिदींत ह्याच्या पुढची पायरी आढळते, ती म्हणजे हमाम. दगडी फरशीखाली पोकळी ठेवून तीत ओंडके जाळतात. दगड हळूहळू तापतो आणि हळूहळूच निवतो, त्यामुळे संध्याकाळी घातलेल्या लाकडांची ऊब पहाटेपर्यंत पायांना जाणवते.

जेवणाची तजवीजही उन्हाळ्यातच झालेली असते. दुधी, वांगी, टोमॅटो, सलगम ह्यांच्या फोडी आणि चकत्या दोऱ्यांत ओवून उन्हात वाळवलेल्या असतात. त्यांना ‘होख स्यून’, म्हणजे सुकी भाजी, असे नाव आहे. वाटा बर्फाने बंद झाल्या, की ह्याच माळा भिंतीवरून उतरून हंडीत पडतात. जेवणाच्या आगेमागे चहा असतोच. समोवार हे तांब्याचे भांडे कांगडीच्याच कुळातील म्हणावे लागेल, कारण त्याच्या मध्यभागी असलेल्या नळीत निखारे असतात आणि सभोवार चहा उकळत राहतो. चहाच्या हिरव्या पानांचा अर्क सोडा घालून दीर्घकाळ उकळतात, त्यात मीठ आणि दूध पडते, आणि गुलाबी रंगाचा ‘नून चाय’ तयार होतो. खारा चहा ही कल्पना परप्रांतीयाला प्रथम रुचत नाही. परंतु त्या थंडीत दुसरा प्याला नाकारणारे थोडेच.

राहिला उजेड. मोहरीच्या किंवा जवसाच्या तेलाची पणती आणि डोंगराळ भागात राळेने भरलेल्या लाकडाची जळती ढलपी, ह्यांवरच पूर्वी सारी भिस्त होती. पुढे त्यांत रॉकेलच्या कंदिलाची भर पडली. एवढ्या उजेडात जी कामे हाताच्या सवयीने होतात, तीच संध्याकाळी केली जात. स्त्रिया चरख्यावर पश्मिन्याचे सूत काढीत, पुरुष टोपल्या आणि दोर वळीत. डोळ्यांना फारसे काम नसले, की कानांना वाव मिळतो. ‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरमध्येच, राणी सूर्यमतीसाठी रचला, हे येथे आठवते. त्या भूमीत कथा सांगण्याचा धंदा करणारे लोक पुढेही होते. १८९६ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी मोहंद मर्ग ह्या डोंगरावरील कुरणात हातिम तिलवोन नावाच्या एका कथेकऱ्याच्या तोंडून कथा उतरवून घेतल्या. पंडित गोविंद कौल ह्यांनीही त्या स्वतंत्रपणे लिहून घेतल्या. जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांच्या सहकार्याने हा संग्रह १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हातिमच्या नावातील दुसरा शब्द ‘तेली’ ह्या अर्थाचा आहे. दिव्यात जळणारे तेल आणि दिव्यापाशी सांगितली जाणारी कथा ही दोन्ही एकाच नावात एकत्र यावीत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती सौम्य नाही. पोटाशी आणि मांड्यांशी वर्षानुवर्षे निखारा धरल्याने कातडीवर तांबूस-काळसर जाळे उमटते आणि काही माणसांत तेथेच कर्करोग होतो. डब्ल्यू. जे. एल्मस्ली ह्या मिशनरी डॉक्टरांनी १८६६ मध्येच कांगडी आणि हा रोग ह्यांचा संबंध दाखवून दिला होता. श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले शल्यविशारद अर्नेस्ट नेव्ह यांनी पुढे त्याचा अभ्यास केला. ‘कांगडी कॅन्सर’ हे नाव तेव्हापासून वैद्यकाच्या ग्रंथांत रूढ आहे. झोपेत कांगडी कलंडून भाजल्याच्या आणि लाकडी घरांना आगी लागल्याच्या घटनाही घडत आल्या आहेत.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कोळसा अपुऱ्या हवेत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते त्याला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक घट्टपणे चिकटतो, आणि झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. कांगडी प्रथम अंगणात किंवा ओसरीत ठेवून धूर पुरता निघून गेल्यावरच आत आणावी, असा जुना शिरस्ता आहे आणि तो योग्यच आहे. मात्र धूर नाही म्हणजे विषारी वायूही नाही, हा समज चुकीचा आहे. जाळीला कागद चिकटवून वारा अडवणाऱ्या जुन्या घरात फटींतून थोडी हवा खेळत तरी असे. काच आणि सिमेंट यांनी घट्ट बंद केलेल्या नव्या खोलीत तीही सोय उरली नाही. जुनी शेकण्याची रीत आणि नवे बांधकाम यांचा मेळ बसत नाही तो नेमका येथे. निजण्याच्या खोलीत कोळसा पेटता ठेवू नये आणि खिडकी किंचित उघडी असावी, हे कितीही सांगितले, तरी कडाक्याच्या रात्री ते ऐकणे जड जाते.

विजेने हा प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक होते. काश्मीरमध्ये वीज तशी उशिरा आलेली नाही. झेलम नदीवरील मोहुरा येथील जलविद्युत केंद्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभे राहिले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या लाकडी पाटातून त्याला पाणी पुरवले जाई, आणि १९९२ च्या पुरानंतर ते बंद पडले. दरम्यान इतर केंद्रे उभी राहिली. परंतु खोऱ्यातील नद्या बर्फाच्या पाण्यावर वाहतात. हिवाळ्यात वरचे पाणी डोंगरावर गोठून राहते, प्रवाह रोडावतात आणि प्रवाहावर चालणाऱ्या केंद्रांची निर्मिती घटते. नेमक्या त्याच दिवसांत घरोघर विजेची मागणी मात्र सर्वाधिक असते. ज्या थंडीसाठी वीज हवी, तीच थंडी वीज अडवून धरते. त्यामुळे भारनियमन हा हिवाळ्याचा सोबती झाला आणि विजेची शेगडी घेतलेल्या घरांतूनही कांगडी अडगळीत गेली नाही. दिवे गेले, की कोणीतरी उठून तिच्यावरची राख पळीने सारते.

निजण्याच्या वेळी जाणती स्त्री सर्वांच्या कांगड्या गोळा करते. मुलांच्या अंथरुणातली आधी काढून घेतली जाते. म्हाताऱ्यांची काढताना बहुधा थोडी कुरकुर होते. उरलेला निखारा चुलीत जाड राखेखाली पुरला जातो. पहाटे ती राख बाजूला केली, की त्याच निखाऱ्यावर चूल पेटते, आणि चुलीतील विस्तवावर दिवसाची पहिली कांगडी भरली जाते.