शेळीचे पचन व तिचा समतोल आहार

शेळीस गरिबाची गाय म्हणतात. तिला काहीही चालते, पडेल ते खाऊन ती जगते, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. या समजापायी लग्नसराईत आणि सुगीच्या दिवसांत पुष्कळ धडधाकट शेळ्या एका रात्रीत दगावतात. मांडवामागे टाकलेला भात, पत्रावळींवरील खरकटे, खळ्यावरील मक्याची वा ज्वारीची रास, किंवा घरात उघडे राहिलेले धान्याचे पोते, यांपैकी कशावर तरी शेळीने मनसोक्त ताव मारलेला असतो. सकाळी ती मान टाकून पडलेली दिसते आणि घरची मंडळी म्हणतात, नजर लागली. कोणी म्हणतो, पान लागले. वास्तविक तिला नजरही लागलेली नसते व पानही लागलेले नसते. तिच्या पोटातील एक मोठा कारभार रातोरात कोसळलेला असतो. हा कारभार कसा चालतो हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे शेळीस काय, किती आणि केव्हा खाऊ घालावे, याचे उत्तर बहुतांशी आपोआप मिळते.

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी खरे पोट. यांपैकी कोठीपोट सर्वांत मोठे असून ते शरीराच्या डाव्या बाजूस असते. शेळी घाईघाईने ओरबाडलेला चारा प्रथम या कोठीत भरते व मग निवांत बसून तो पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. येथवर बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक असते. परंतु गवतातील व पाल्यातील जो धागेदार भाग आहे, तो पचविण्याची शक्ती शेळीच्या स्वतःच्या पाचक रसांत मुळीच नाही, ही गोष्ट थोड्यांच्या लक्षात येते. हे काम कोठीपोटात वास्तव्य करणारे असंख्य सूक्ष्म जीव करतात. ते चारा आंबवितात. त्या आंबण्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात ती कोठीच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि शेळीला लागणाऱ्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग त्यांतूनच मिळतो. पुढे हे सूक्ष्म जीव चाऱ्याबरोबर खऱ्या पोटात वाहून जातात व तेथे स्वतःच पचविले जातात. त्यांच्या शरीरातील प्रथिने शेळीस मिळतात. ब गटातील जीवनसत्त्वेही हेच जीव तयार करतात. म्हणून शेळीला चारा घालणे याचा खरा अर्थ या सूक्ष्म जीवांना चारा घालणे असा आहे.

या जीवांच्या निरनिराळ्या जाती आहेत. काही धागेदार चाऱ्यावर जगतात, तर काही पिठूळ पदार्थांवर. नेहमी पाला व गवत खाणाऱ्या शेळीच्या पोटात पहिल्या प्रकारच्या जीवांची वस्ती दाट असते. कोठीतील आम्लता पी. एच. मापाने सहा ते सातच्या दरम्यान असली म्हणजे ते सुखाने नांदतात. रवंथ करताना शेळीच्या तोंडातून दिवसाला कित्येक लिटर लाळ पोटात जाते. या लाळेत सोड्यासारखा क्षार असल्यामुळे आंबण्याने वाढणारी आम्लता आवरली जाते. चारा जितका भरड, तितका रवंथ अधिक व तितकी लाळ अधिक. अशी ही सोय निसर्गाने करून ठेवलेली आहे.

आता अशा शेळीने अकस्मात दोन किलो मका किंवा पातेलेभर भात खाल्ला तर काय होईल, ते पाहू. पिठूळ पदार्थ फार वेगाने आंबतो. त्यावर पोसणारे जीव काही तासांतच बेसुमार वाढतात आणि ज्या आम्लाने दूध विरजून दही आंबट होते तेच आम्ल कोठीत साचू लागते. धान्याला रवंथ जवळजवळ लागत नाही, म्हणून लाळही येत नाही. पी. एच. साडेपाचाच्या खाली, प्रसंगी पाचाच्याही खाली उतरतो. चारा पचविणारे जीव मरू लागतात. कोठीतील तीव्र आम्ल शरीरातील पाणी आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे पोट पाण्याने डबडबते आणि शरीर मात्र कोरडे पडते. साधारणतः बारा ते छत्तीस तासांत शेळी खाणे व रवंथ सोडते, दात खाते, डोळे खोल जातात, आंबूस वासाची पातळ हगवण लागते, ती झोकांड्या देते व अखेरीस पडून राहते. यातून वाचलेली जनावरेही पुढे कधी कधी खुरांच्या दुखण्याने लंगडतात.

शेळीने धान्य चापलेले दिसताच, लक्षणांची वाट न पाहता, उरलेले धान्य समोरून काढावे आणि फक्त वाळलेले गवत किंवा कडबा पुढे टाकावा. तीस किलो वजनाच्या शेळीस वीस ते तीस ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून, मान फार उंच न करता, हळूहळू पाजावा. घाई केल्यास औषध श्वासनलिकेत जाते व त्यानेच शेळी दगावते. ठसका लागल्यास त्वरित थांबावे. जी शेळी पडून आहे किंवा जिला गिळता येत नाही, तिला तोंडाने काहीही पाजू नये. सोडा हा केवळ वेळ मिळविण्याचा उपाय होय. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच वेळी कळवावे.

याचा अर्थ धान्य हे विष आहे असा मात्र कोणी घेऊ नये. तेच धान्य थोडथोडे वाढवीत दिल्यास पोटातील वस्ती सावकाश बदलते आणि शेळी ते उत्तम प्रकारे पचविते. खुराकात किंवा चाऱ्यात कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत करावा. ज्या शेळीस खुराकाची सवय नाही तिला प्रथम पन्नास ग्रॅम द्यावा व दर दोन-तीन दिवसांनी तेवढाच वाढवावा. दिवसाचा खुराक सकाळ-संध्याकाळ विभागून, उपाशी पोटी न देता, थोडा सुका चारा खाऊन झाल्यावर द्यावा. बकरी ईदच्या बाजारासाठी बोकड तयार करणारे पुष्कळ जण शेवटच्या महिन्यात एकदम मक्याचा मारा करतात. वजन वाढण्याऐवजी बोकड बसतो. शिवाय नुसत्या धान्यात व कोंड्यात स्फुरद जास्त आणि चुना अगदी कमी असल्यामुळे बोकडास मूतखडा होण्याचा संभव असतो. आहारात चुन्याचे प्रमाण स्फुरदाच्या सुमारे दुप्पट राहील असे पाहावे.

उलट बाजूची चूक उन्हाळ्यात होते. फेब्रुवारीनंतर हिरवा पाला संपतो आणि शेळ्या केवळ कडब्यावर किंवा भुसकटावर राहतात. पोट भरलेले दिसते, पण बरगड्या दिसू लागतात. कडब्यात प्रथिने शेकडा तीन-चारच असतात. कोठीतील जीवांना आपली वस्ती टिकविण्यासाठी आहारात निदान सात टक्के तरी लागतात. त्यांनाच उपासमार घडल्यावर चारा पचविणार कोण? तो कोठीत नुसता पडून राहतो व त्यामुळे शेळी पुढचा चाराही कमी खाते. अशा वेळी रोज मूठभर पेंड किंवा शेवरीचा थोडा पाला मिळाला तरी तोच कडबा अधिक चांगला पचतो. पेंडीचा खर्च जास्त वाटणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

तीस किलोच्या शेळीस दररोज सुमारे सव्वा किलो कोरडा भाग लागतो. हिरव्या चाऱ्यात पाणी पुष्कळ असल्याने त्यातील कोरडा भाग पाचव्या हिश्शाइतकाच धरावा. म्हणजे तीन किलो हिरवा चारा व पाला, चारशे ते पाचशे ग्रॅम सुका चारा आणि दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक, एवढ्यात ही गरज भागते. घरी शंभर किलो खुराक करावयाचा असल्यास मक्याचा भरडा चाळीस, शेंगदाण्याची पेंड वीस, गव्हाचा कोंडा वीस, तुरीची वा हरभऱ्याची चुनी सतरा, क्षार मिश्रण दोन आणि मीठ एक किलो घ्यावे. भरडा जाडसर असावा. पीठ करू नये. पेंडीस बुरशी आलेली असल्यास ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. गाभण शेळीच्या शेवटच्या सहा आठवड्यांत करडांच्या वाढीमुळे कोठीस जागा कमी पडते, तेव्हा खुराक हळूहळू तीनशे ते चारशे ग्रॅमपर्यंत न्यावा.

शेळी ही मुळात झुडपे ओरबाडून खाणारी आहे. पायाखाली तुडविलेला चारा ती हुंगून सोडून देते. पाल्याच्या पेंड्या तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगून ठेवल्यास नासधूस बरीच वाचते. शेवरी, हादगा, बोर, अंजन, उंबर, बाभळीच्या शेंगा यांपैकी जे मिळेल ते आलटूनपालटून द्यावे. सुबाभळीचा पाला प्रथिनांनी समृद्ध आहे, परंतु त्यात मायमोसीन नावाचा विषारी घटक असल्यामुळे एकूण चाऱ्याच्या एकतृतीयांशाहून अधिक देऊ नये. अन्यथा केस गळतात व गळ्यातील ग्रंथी वाढते. याबाबत एक मनोरंजक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हवाई बेटांतील शेळ्या सुबाभूळ पोटभर खाऊनही आजारी पडत नाहीत, याचे कारण ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी शोधले. त्या शेळ्यांच्या कोठीपोटात या विषाचा नाश करणारा एक जीवाणू होता. तो ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही सुबाभूळ मानवू लागली. १९९२ साली त्या जीवाणूस जोन्स यांच्या नावावरून सिनर्जिस्टेस जोन्सीआय असे नाव देण्यात आले. पोटातील वस्तीचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

पावसाळ्याच्या आरंभी दोन गोष्टींस जपावे. ज्वारीचे कोवळे पोंगे, पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी व कापणीनंतर आलेले फुटवे यांतून अत्यंत जहाल विष तयार होते आणि शेळी काही मिनिटांत मरू शकते. फुलोरा आल्याखेरीज हिरवी ज्वारी घालू नये. दुसरे, कोवळे लसूणघास भुकेल्या पोटी भरपूर खाल्ल्यास डावी कूस फुगते. कळप सोडण्यापूर्वी थोडा सुका चारा खाऊ घालावा. याच सुमारास आंत्रविषाराची लस पाऊस पडण्यापूर्वी टोचून घ्यावी, कारण चाऱ्यातील एकाएकी होणारा बदल या रोगासही निमंत्रण देतो.

नवजात करडाचे कोठीपोट काम करीत नसते. प्यालेले दूध एका पन्हळीवाटे सरळ खऱ्या पोटात जाते. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत पहिला चीक पाजावा आणि पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जाईल असे पाहावे. दोन आठवड्यांनंतर कोवळा पाला व चिमूटभर भरडा समोर ठेवीत जावे. साधारण आठव्या आठवड्यापर्यंत कोठी काम करू लागते. त्यापूर्वी दूध तोडण्याची घाई करू नये.

शेळीचे पोट नीट चालले आहे किंवा नाही, हे ओळखण्यास उपकरण लागत नाही. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरावी. दर मिनिटाला एक-दोन वेळा कोठीची लाट हातास जाणवली पाहिजे. बसलेल्या कळपातील निम्म्याहून अधिक शेळ्या रवंथ करीत असाव्यात. आणि रोज सकाळी गोठा झाडताना लेंड्यांकडे लक्ष द्यावे. सुट्या, घट्ट व तुळतुळीत लेंड्या पडत असल्यास चिंता नाही. त्या एकमेकींस चिकटून गोळा पडू लागल्यास खुराक त्याच दिवशी निम्मा करून सुका चारा वाढवावा, आणि दोन दिवसांत फरक न पडल्यास लेंड्यांचा नमुना जंतांच्या तपासणीसाठी दवाखान्यात न्यावा.