नांव बदललेल्या फाइलीचा पूर्वेतिहास

शाळेच्या मोठ्या रजिस्टरांत मुलाला एकदां मिळालेला अनुक्रमांक पुढें बदलत नाहीं. त्याचें आडनांव बदललें, तरी त्या अंकावरून मागील सर्व नोंदी सांपडतात. संगणकावरील फाइल आपण नांवानेंच ओळखतों. तें नांव बदललें, तर तिच्या पूर्वेतिहासाचें काय होतें?

आज्ञावली लिहिणारे लोक कोणता बदल कोणीं, केव्हां व कां केला, याची नोंद राखणारी व्यवस्था वापरतात. अशा एकेका नोंदीस 'कमिट' म्हणतात. 'सीव्हीएस' या जुन्या व्यवस्थेंत नामांतराची सोय नव्हती; जुनी फाइल काढून नवी घालावी लागे, आणि इतिहास जुन्या नांवापाशींच राही. 'सबव्हर्जन'नें नवी फाइल कोणत्या फाइलीची प्रत आहे, हें लिहून ठेवण्याची सोय केली. 'बझार'नें तर आमच्या रजिस्टराप्रमाणें प्रत्येक फाइलीस न बदलणारी खूण दिली.

२००५ सालीं लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं रचलेल्या 'गिट'चा मार्ग मात्र अगदीं निराळा. तें नामांतराची नोंदच करीत नाहीं! नांव बदलण्याची आज्ञा त्यांत आहे खरी, परंतु ती जुनी फाइल काढून नवी घालण्याचाच संक्षेप होय. गिट प्रत्येक कमिटाच्या वेळची सर्व फाइलींची स्थिति तेवढी जतन करतें. पुढें कोणी इतिहास विचारला, म्हणजे त्या कमिटांत नाहींशी झालेली व नव्यानें आलेली अशा फाइली तें ताडून पाहतें. मजकूर अक्षरशः एकच असेल तर प्रश्न मिटला. नसल्यास निदान शेंकडा ५० साम्य असावें, असा त्याचा सामान्य नियम आहे. हा तर्क झाला, स्मरण नव्हे. आणि तर्क चुकतो.

गतवर्षीं आमच्या दोन विद्यार्थ्यांनीं मिळून एक आज्ञावली लिहिली. दुसऱ्यानें एकाच कमिटांत फाइलीचें नांव बदललें व बहुतेक मजकूरहि नव्यानें लिहिला. झालें! नव्या फाइलीच्या इतिहासांत त्याचें एकट्याचेंच नांव दिसूं लागलें. पहिला बिचारा रडकुंडीस आला. कित्येक दिवसांचे त्याचे श्रम जणूं कोणीं पुसून टाकले होते. वास्तविक कांहींच गेलें नव्हतें. जुन्या नांवानें शोध घेतांच त्याच्या सर्व नोंदी निघाल्या.

तेव्हां प्रथम केवळ नांव बदलून कमिट करावें, आणि मजकुरास हात पुढच्या कमिटांत लावावा. इतिहास पाहतांना 'फॉलो' हा पर्याय अवश्य द्यावा. त्यावांचून फाइलीच्या नोंदी दाखवितांना गिट जुन्या नांवापर्यंत मागें जात नाहीं. मात्र तो पर्याय एका वेळीं एकाच फाइलीस लागू पडतो.