कण पाण्यात उतरल्यावर

चि. मनू हिस,


९८० नॅनोमीटरचा लेसर सोडताच कुपीत हिरवी रेघ उमटली, हे ऐकून फार आनंद झाला. न दिसणारा अवरक्त प्रकाश कणांतल्या यटर्बियमने शोषायचा, ती ऊर्जा दोन टप्प्यांत अर्बियमकडे पोहोचवायची आणि त्याने ५४० च्या आसपास हिरवा उजेड द्यायचा, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहण्यात काही वेगळंच सुख आहे. पण मनू, ती कुपी सायक्लोहेक्झेनची होती. तुला हे कण पेशींत न्यायचे आहेत, आणि पेशी पाण्यात जगते.

तुझे कण ओलेइक आम्लाच्या थराने वेढलेले, म्हणून पाण्यात मिसळतच नाहीत. सौम्य आम्लाने, साधारण ४ पीएचला, तो थर उतरवलास की ते पाण्यात येतील, पण उजेड घटेल. पृष्ठभागावरच्या आयनांची ऊर्जा पाण्यातले ओएच बंध कंपनांतून पिऊन टाकतात. कण जितका लहान, तितका पृष्ठभागाचा वाटा मोठा. म्हणून कणाच्या गाभ्यावर नुसत्या सोडियम इट्रियम फ्लोराइडचं कवच चढव. त्यात यटर्बियम-अर्बियम अजिबात नको. या कवचावर खर्च होणारे दिवस वाया जात नाहीत, हे माझं ठाम मत आहे.

संश्लेषणात घाई नको. मिथेनॉल पुरतं उडाल्याशिवाय ३०० अंशांकडे जाऊ नकोस, आणि आर्गॉन शेवटपर्यंत चालू ठेव. क्ष-किरण विवर्तन (एक्सआरडी) करून षट्कोनी प्रावस्था आली का ते बघ. घनाकृती प्रावस्था खूपच मंद चमकते.

फॉस्फेट बफरपासून जप. फॉस्फेटला दुर्मीळ मृदा धातूंची ओढ फार. विरल द्रावणात ते कण हळूहळू विरघळवतं. त्यामुळे जुनं द्रावण पेशींवर घालू नकोस.

पेशींचं पहिलं चित्र बिनकणांचं घे, लेसर मात्र तोच, तितकाच. या प्रकाशाने पेशी स्वतःहून जवळजवळ चमकतच नाही. ती काळी पार्श्वभूमी हीच या कणांची खरी कमाई, आणि ती सिद्ध करायला हवी. ९८० चा प्रकाश पाणीही शोषतं, पेशी तापतात. नुसत्या लेसरने किती दगावल्या, तेही मोज. मग कण पेशीच्या आत आहेत की पडद्याला चिकटलेत, हे कॉनफोकल सूक्ष्मदर्शकावर थरांथरांतून तपास.

आणि गॉगल कधीही काढू नकोस. हा लेसर दिसत नाही, त्यामुळे डोळा आपसूक मिटत नाही.

तुझी,
मावशी